चिन्याच्या गळ्यात क्रूस कसा

आमच्या मंडळीनं चिनी माणसांसाठी सुवार्तेची पत्रकं काढली, तेव्हा मजकूर मीच पानात बसवला. मला चिनी येत नाही. पाळकांनी तो कुठून तरी मिळवला होता. वरचं वर आहे की खालचं वर, हेही मला सांगता आलं नसतं. गुलाबी कागद, खाली छोटा क्रूस. सुरतेच्या पांडेसऱ्यात भाड्याच्या खोलीत उपासनेला जमणारी आम्ही धुळे-नंदुरबारकडची थोडीशी घरं. उधन्याच्या रस्त्यावर नवं चायनीज हॉटेल उघडलं होतं आणि पाटीवर गुजरातीत लिहिलं होतं : चीनचे अस्सल कारागीर, शुद्ध शाकाहारी, जैन मिळेल. परमुलखात एकटी पडलेली माणसं, त्यांना कोण विचारतं, म्हणून पाळकांचा जीव तुटला. पत्रकं लिहिण्या-वाटण्याचं काम माझं, म्हणून मला धाडलं.

आई म्हणाली, "तू सुवार्ता सांगाले जास का भांडाले?"

आईला मी चांगली माहीत आहे.

दुपारी हॉटेलाच्या मागच्या गल्लीत गेले. सोनेरी ड्रॅगनचा लाल सॅटिनचा झगा खिळ्याला टांगून एक माणूस बनियनवर कोबी चिरत बसला होता. मी पत्रक पुढे केलं. त्यानं ते सुलट धरलं, उलट धरलं.

"दीदी, यह क्या लिखा है?"

"आपकी भाषा है."

"मेरी? मैं तो मिज़ोरम का हूँ." मग त्याला खालचा क्रूस दिसला आणि तो असा हसला की हातातली सुरी बाजूला ठेवावी लागली. "हम दादा के टाइम से क्रिश्चन हैं. आप लोग?"

आम्ही माझ्या वडिलांपासून. म्हणजे ज्याला मी देव सांगायला गेले, तो त्या बाबतीत माझ्याहून एक पिढी मोठा निघाला.

हसून झाल्यावर त्यानं गळ्यावर हात फिरवला. तिथं काही नव्हतं. आईनं दिलेला लाकडी क्रूस हॉटेलमालकानं पहिल्याच दिवशी काढायला लावून गल्ल्याच्या खणात टाकला होता. आणि रविवारी सुट्टी नाही. सकाळच्या उपासनेपुरतीही नाही, कारण रविवारी काचेपलीकडे उभं राहून नूडल्स उडवायच्या असतात. सुरतेत आल्यापासून तो एकदाही उपासनेला गेला नव्हता. गावी चर्चच्या कॉयरमध्ये गाणारा माणूस! बाकी काही नको होतं त्याला. रविवारची सकाळ आणि गळ्यातला क्रूस, एवढंच.

मी तडक मालकासमोर जाऊन उभी राहिले. तो बडीशेप चघळत होता.

"बेन," तो शांतपणे म्हणाला, "चिन्याच्या गळ्यात क्रॉस कसा? लोकांना शंका येईल. चिन्याने वळी भगवान केवो?"

चिन्याला कुठला आलाय देव! असं म्हणून त्यानं मला बडीशेप देऊ केली. त्या माणसाचा चेहरा त्यानं पाटीवर विकला, तोंडाला कुलूप लावलं (गिऱ्हाइकासमोर हिंदी बोलायची नाही, नुसतं वाकायचं), आणि वर देवही काढून घेतला. कांदा-लसूण नसलेल्या मंचुरियनला अस्सल म्हणणारा हा माणूस मला अस्सल-नकली शिकवत होता.

पत्रकात मी ‘न्याय’ असा शब्द वापरते. इथे खरा वापरते. मला सूड हवा होता.

घरी येऊन पत्रक लिहिलं, मथळा दिला ‘अस्सल चिनी मिझोरमचा’. छापण्याआधी आचाऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, नको. "मेरी बात है दीदी, आप पेपर में क्यों बोलेगा?" मी छपाई थांबवली, पण राग थांबला नाही. पाळक म्हणाले, "पोरी, सूडाचं काम देवावर सोड."

मी म्हटलं, "पास्टर, मिलच्या पाहुण्यांचं जेवण देवाला ठरवता येत नाही. मला येतं."

कारण मी पांडेसऱ्याच्या एका कापड प्रोसेसिंग मिलच्या ऑफिसात आहे, आणि त्याच महिन्यात आमच्याकडे नवी मशिनं बसवायला चिनी इंजिनियर आले होते. खरे, चीनचे. मिलच्या शेठनं विचारलं, पाहुण्यांना कुठं न्यायचं? मी त्याच हॉटेलाचं नाव सांगितलं. शेठ खूश. त्यांच्या मुलांनी तिथल्या ‘चिन्या’बरोबर फोटो काढलेले.

आचाऱ्याला मी आधी सांगितलं. लपवलं नाही. म्हटलं, उद्या सुट्टी घ्यायची तर घे. त्यानं हातातला कोबी चिरून संपवला. "नहीं. आऊँगा."

दुसऱ्या दिवशी मालक दारात हात जोडून उभा. चिनी पाहुणे बघून त्याचा चेहरा पांढरा पडेल असं मला वाटलं होतं, पण त्याची स्वतःच्या खोटेपणावर एवढी श्रद्धा, की तो उलट खुलला. काचेमागून आचाऱ्याला बोलावलं. "बोलो ने! तमारी भाषामां बोलो!"

तुमच्या भाषेत बोला. आचाऱ्यानं तेच केलं. डोळे मिटले, हात जोडले आणि मिझोत जेवणावरची प्रार्थना म्हटली. सावकाश, पूर्ण. मालक अभिमानानं मान डोलवत होता. पाहुणे एकमेकांकडे बघत होते. एकानं काहीतरी विचारलं. आमच्या दुभाष्यानं शेठना सांगितलं, "साहेब विचारतात, हे कुठल्या देशाचे?"

शेठ मालकाकडे वळले. "आ तो चायनानो हतो ने?"

"बॉर्डरनो छे साहेब, बॉर्डरनो!"

"मारा छोकराए एनी साथे फोटा पाडेला!"

मग आचारी बोलला. भाजी मार्केटात शिकलेल्या स्वच्छ गुजरातीत. "मिज़ोरमनो छुं, साहेब. ख्रिस्ती छुं." मग तो मालकाकडे वळला. "शेठ, मारो क्रॉस आपो. रविवारे हुं प्रार्थनामां जवानो."

आमचे शेठ बघत होते, म्हणून मालकाला खण उघडावा लागला. सुट्ट्या नाण्यांत आणि बडीशेपेच्या पुड्यांत बोटं घालून तो क्रूस शोधत होता, कानापर्यंत लाल, झग्यापेक्षा लाल. मी पोट भरून बघितलं. जेवले नाही, त्याची गरजच उरली नव्हती.

संध्याकाळी त्यानं आचाऱ्याला काढलं. काढणारच होता. काही दिवस हाल झाले, मग कामरेजला हायवेवरच्या एका हॉटेलात काम मिळालं. त्यांची गर्दी रात्रीची, सकाळ मोकळी.

काढल्यानंतरच्याच रविवारी तो आमच्या खोलीत आला, क्रूस शर्टाच्या बाहेर. मिझोत गायला. शब्द कुणाला कळले नाहीत, पण माझ्या आईनं पदर डोळ्याला लावला. मग पाळकांनी त्याला प्रार्थना करायला सांगितली, आणि त्यानं पहिलं नाव घेतलं ते त्या मालकाचं. त्याच्या धंद्यासाठी. त्याच्या मुलांसाठी.

सगळे "आमेन" म्हणाले. आईनं मला कोपर मारलं.

मी तोंड उघडलं नाही.