आधी पाणी उतरलं

आमच्या एस्तेर वन्सं भाकरीशी बोलायच्या. तव्यावर टाकली की दम द्यायच्या, "फुग की गं भवाने, का रुसलीस?" आणि ती फुगायची, बघा! देवळाली प्रवऱ्यात आमच्या चर्चचं प्रीतिभोजन म्हटलं की भाकरी वन्संच्याच हातची. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. अंगानं दणकट, तोंडानं त्याहून दणकट.

मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. वन्संना ते हवंच होतं, पुन्हा चुलीपुढं बसायचं होतं ना! पुण्याहून वन्संचा लेक आला. मोबाईलवर कुणाचं तरी भाषण ऐकवलं आणि फर्मान काढलं: भाकरी, भात, साखर बंद. अंडी, मटण, पालेभाजी खायची.

"लई सोपं हाय," वन्सं म्हणाल्या. "कोंबडी खायची नि बारीक व्हायचं!"

आठवड्यात काटा झरझर खाली आला. लेकानं काट्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले. इकडं वन्सं सारख्या लघवीला पळायच्या, डोकं ठणकतंय म्हणायच्या, भिंत धरून चालायच्या. त्याचा फोटो कुणी टाकला नाही.

वन्संना जुनी शुगर, तिची गोळी मात्र होती तेवढीच चालू. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "जेवण व्यवस्थित ना?" वन्संनी ठोकून दिलं, "व्हय, दोन्ही टायमाला पोटभर."

घरी आल्यावर मी चिडले. "वन्सं, भाकरी सोडलीय हे का नाही सांगितलं?"

"अगं, सूनबाई शेजारी बसल्याली. म्हातारीला सून भाकरी देईना, असं व्हायचं. तिची आब्रू घालवू व्हय?"

"मग आता फोन करून सांगा."

"सांगंन की रविवार झाल्यावर. का जीव खाती?"

रविवार त्यांना दिसला नाही. सकाळी सून उठवायला गेली तर वन्सं घामानं भिजलेल्या, हाकेला ओ नाही. दवाखान्यात नेलं, पण पुन्हा शुद्ध आलीच नाही.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, "सुरुवातीला चरबी फारशी जात नाही हो. अंगात साठलेली साखर संपते, तिनं धरलेलं पाणी लघवीवाटे जातं, बरोबर मीठही जातं. म्हणून काटा भराभर उतरतो, चक्कर येते. त्यात भाकरी बंद आणि गोळी तेवढीच. साखर पार तळाला गेली. मला कळलं असतं तर गोळी तेव्हाच कमी केली असती."

म्हणजे सगळ्यांनी अंगठे दाखवले ते पाण्याला.

माती झाली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणींनी कडू घास आणला, पिठलं आणि भाकरी. भाकरी जाड, कडा फाटलेल्या. वन्संनी थापणारीला उठवूनच लावलं असतं. लेक भाकरी हातात घेऊन नुसता बघत बसला.

"मामी, जात नाही गं," म्हणाला.

"खा," मी म्हणाले. "तुला कुणी बंद केलीय?"