मन्नूबिया मावशीची नजर

माझ्या मन्नूबिया मावशीला मूल नव्हतं, नवरा हयात नव्हता, आणि दुसऱ्याच्या घरातल्या चांगल्या गोष्टींचं तोंडभर कौतुक करायची तिला खोड होती. आमच्या स्फाक्ससारख्या बंदराच्या गावात यातलं एक असलं तरी बाई वाईट नजरेची ठरते. मावशीकडे तिन्ही होती. पण ती आईची सख्खी धाकटी बहीण, आम्हा भावंडांना न्हाऊमाखू घालून वाढवणारी, म्हणून आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नसे. दर रविवारी ती खजूर भरलेल्या मक्रूद मिठाईचा डबा घेऊन यायची, आमच्यासोबत कुसकुस जेवायची आणि पडद्यांपासून पातेल्यांपर्यंत सगळ्याला छान म्हणून घरी जायची. तिला जायला तेवढं एकच दार होतं.

माझी बहीण रिहाब घरी बसून भाषांतरं करते. तिने नवा लॅपटॉप घेतला, पडदा मागे दुमडला की पाटीसारखा हातात धरता येणारा. मावशी तिच्यामागे उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, पोरीची बोटं काय चालतात गं, मणी ओवल्यासारखी. मग दृष्ट टळावी म्हणून तबारकल्लाह म्हणाली, पण शेवटी. आईच्या मते ते आधी म्हणायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मावशी घरात आली आणि कळफलक बंद पडला. एक अक्षर उमटेना. माऊस चालत होता, बाहेरून जोडलेला जुना कळफलकही चालत होता. लॅपटॉपचा स्वतःचा तेवढा मुका. मावशी गेली आणि रात्रीपर्यंत तो आपोआप सुरू झाला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. रिहाबने बंद करून चालू केला, आतलं सगळं सॉफ्टवेअर नव्याने घातलं, कळा काढून कुंचल्याने धूळ झाडली. शेवटी आईने तो पुसूनबिसून दुरुस्तीवाल्या फतहीच्या दुकानात नेऊन दिला. तिथे तो पोपटासारखा बोलू लागला. फतहीने तरी नवा कळफलक बसवून दिला, आणि रविवारी मावशीने दारात पाऊल टाकलं तेव्हा नवाही गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं मी आईला म्हणून पाहिलं. ती म्हणाली, एकदा मोडली तर कावळा. दर रविवारी मोडते त्याला काय म्हणायचं? पुढच्या रविवारी तिने मावशीला दारातच थांबवलं.

"मन्नूबिया, आता येत जाऊ नकोस. पोरीचं पोट आहे त्यावर."

मावशीने नुसता डबा पुढे केला. आईने मक्रूदचा डबा उघडलादेखील नाही, तसाच भरलेला तिच्या हातात परत दिला. ती गेली आणि कळफलक महिनाभर सुरळीत चालला. आई ज्याला त्याला सांगत सुटली, बघा, मी म्हणत नव्हते? सख्ख्या बहिणीची बदनामी इतक्या उत्साहाने करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग ईद आली. शेजारपाजारच्या बायकांनी घर भरलं, आणि मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला असताना कळफलक बंद पडला. रिहाबला काम द्यायचं होतं, म्हणून तिने फतहीला घरीच बोलावलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि कळफलकाच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या खमसाकडे बोट दाखवलं. खमसा म्हणजे नजर लागू नये म्हणून लावायचा निळ्या डोळ्याचा पंजा. आमच्याकडे तो दारावर असतो, पाळण्यावर असतो, मोटारीत असतो, त्याच्याकडे लक्ष कोण देतो? त्याने तो उचलला, कळफलक सुरू. टेकवला, बंद. त्याच्या पाठीला लोहचुंबक होतं. या जातीच्या लॅपटॉपला चुंबकावरूनच कळतं की पडदा मागे दुमडलाय; मग चुकून कळा दाबल्या जाऊ नयेत म्हणून तो कळफलक स्वतःच बंद करतो, असं फतही म्हणाला.

एरवी खमसा कामात अडतो म्हणून आई पाहुणे यायच्या आधी चिकटवायची आणि गेल्यावर काढायची. घरातली बरकत परक्या हातात जाऊ नये म्हणून दुकानात नेतानाही काढायची. महिनाभर बाहेरचं कुणी आलं नव्हतं, म्हणून महिनाभर कळफलक चालला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी आईला म्हटलं, आता मावशीला बोलावून घे. आई भांडी पुसत राहिली.

"चुंबक मला कुणामुळे लावावं लागलं? तिची नजर नसती तर मी कशाला लावलं असतं?"

सुंभ जळतो, पीळ जळत नाही. मला आईचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता.

मी लॅपटॉप आणि तो खमसा पिशवीत घालून एकटाच मावशीकडे गेलो. तिने मला जवळ बसवलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती रडेल, आईला शिव्या देईल, निदान हसेल तरी. तिला प्रत्यक्ष दाखवावं म्हणून मी लॅपटॉप उघडायला लागलो, तशी तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक पटकन डोळ्यांवर ओढलं.

"मिट ते. आधी मिट."

"मावशी, चुंबक होतं गं. तुझा काही दोष नाही."

"असेल बाळा, चुंबक असेल," ती रुमालाआडून म्हणाली. "पण तुझे काका नवी होडी घेऊन शेवटचे निघाले, तेव्हा मी धक्क्यावर उभी राहून म्हणाले होते, किती देखणी दिसते. तिला कुठे चुंबक लावलं होतं?"