आपत्कालीन खिडकी

माझ्या आईचं माहेर सात मिनिटांचं होतं. आजी-आजोबा गेल्यावर तिला एक मोठी बहीण तेवढी उरली, आणि ही मावशी भुसावळच्या अलीकडे एका लहान स्टेशनाजवळ राहायची. मुंबईची लग्नं उरकून आम्ही काशीला परत निघालो की आमची गाडी तिथे सात मिनिटं थांबे. तशी ती दिसेल त्या झाडाखाली थांबायची, पण ते थांबणं वेळापत्रकात नव्हतं.

त्या सात मिनिटांत मावशी प्लॅटफॉर्मवरून आईला कुंकू लावून तिची ओटी भरायची. खण आणि तांदूळ खिडकीच्या गजांमधून आत येत. नारळ येत नसे. म्हणून पंचगंगा घाटावर लोकांना धर्म सांगणारे आमचे बाबा गाडीत चढताना धर्म गुंडाळून ठेवत आणि कोपरं मारत आपत्कालीन खिडकीची जागा पकडत. तिला गज नसतात. रेल्वेने ती जीव वाचवायला ठेवली होती; आमच्याकडे तिच्यातून नारळ यायचा.

मग ती गाडी बंद झाली. बाबांचे गुडघेही बंद पडले. परवाच्या लग्नाला आईला मी घेऊन गेलो आणि परतीचं तिकीट जलद गाडीचं, एसीचं काढलं. मी नोकरी करतो त्या बँकेत चारचौघांना तसं सांगूनही झालं.

कल्याण सुटल्यावर आई काच चाचपायला लागली.

"ही उघडते कुठून?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या डब्यातही आपत्कालीन खिडकी होती, पण तिच्याशेजारी काच फोडायची लाल हातोडी टांगलेली. आई हातोडीकडे ज्या नजरेने बघत होती, ती पाहून मला घाम फुटला.

मावशीच्या स्टेशनावर गाडी दोनच मिनिटं थांबली. मी दाराकडे धावलो, तर वाटेत एका वऱ्हाडाच्या ट्रंका रचलेल्या. वळून पाहिलं, तर मावशी आमच्या खिडकीशी पोचली होती. काखेत नारळ, डोळ्यांवर हात धरून ती काळ्या काचेतून आत बघत होती. आईने काचेला कपाळ टेकलं. मावशीने करंड्यात बोट बुडवून बाहेरून, बरोबर तिथेच, ओलं कुंकू लावलं. गाडी हलली. आईने पसरलेला पदर रिकामाच राहिला. मला स्वतःचीच लाज वाटली.

जबलपूरला एक माणूस पाण्याचा पाइप घेऊन काचा धुवायला आला. मी खाली उतरून त्याला हात जोडले, "भैया, ये वाली छोड़ दीजिए." त्याने मला वेड्यात काढलं, पण काच सोडली.

बनारसला उतरल्यावर आई सामान टाकून खिडकीपाशी गेली. वाळलेल्या कुंकवाला थुंकी लावून तिने ते बोटावर घेतलं आणि कपाळाला लावलं.

"पुढच्या खेपेला एसी-बीसी नको," ती म्हणाली. "आपली जुनी गाडीच बघ."

ती गाडी बंद झाली हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. मी बघतो म्हणालो.