न पडणारा नीलकंठ

हेमलतेला फॅक्टरीच्या क्वार्टरांतल्या बाया काहूनबाई म्हणायच्या, काहून म्हणजे का. नळाला पाणी नाही आलं, तर बाकीच्या बाया दोन शिव्या देऊन घरी जायच्या, न ही बाई पाइपाच्या मागं मागं चालत टाकीपर्यंत जायची. काहून नाही आलं ते पाहायला. पाणी काही तिच्या पाहण्यानं यायचं नाही, पण घरी येऊन ती सांगायची, "तिकडं मेलेली घूस अडकली आहे." राधाबाई, म्हणजे तिची सासू, कपाळाला हात लावायची. "बाई, तेच पाणी प्यायचं आहे मला. काहून सांगितलंस?"

पासष्टची लढाई लागली, तेव्हाची गोष्ट. खिडक्यांना काळे कागद लावलेले. लढाईचं सामान काढायला फॅक्टरी दिवसरात्र धडधडून राहिली होती, न माणसं घरी यायची ती फक्त जेवायला न पडायला. हेमलतेचा नवरा नीलकंठ लेथ मशिनीवर होता. जुना हात. पण त्या वर्षी त्याच्यात काहीतरी बदलून राहिलं होतं. चालताना उजवा पाय जमिनीला घासायचा. बोलताना जीभ जड. चहाचा कप धरला की बशी वाजायची. सकाळी सांगितलेली भाजी संध्याकाळी विसरून यायचा न वर रागवायचा, "तू सांगितलंच नाही." आधी हा माणूस असा नव्हता. मांजरालाही जी म्हणून हाकलायचा.

लोकांनी पाहिलं न लोकांनी ठरवलं. पाय लडखडतो, जीभ अडखळते, म्हणजे काय? पिऊन राहिला. मोहाची दारू आपल्याकडं काय, शोधायला थोडीच लागते.

एक दिवस फॅक्टरीच्या गेटवर दरवानानं त्याला अडवलं. तोंडाचा वास घेतला. दारूचा वास नाही, लवंगेचा. "पक्का खिलाडी है," दरवान म्हणाला, "लौंग चबा के आता है." आता ती लवंग हेमलताच त्याच्या खिशात टाकायची, कारण त्याचे मागचे दात मुक्क्यांनी हललेले होते न रोज ठणकायचे. म्हणजे बायकोनं दुखण्याला दिलेली लवंग, तीच चुगली झाली.

मुक्क्यांचं सांगते आता. जवानीत नीलकंठ मुक्केबाज होता, बॉक्सिंगवाला. त्याच्याही आधीच्या मोठ्या लढाईत, इंग्रजाच्या राज्यात, छावणीत दोरीचा चौकोन बांधायचे न त्यात मुक्केबाजी व्हायची. एकीकडं फौजेचे, एकीकडं फॅक्टरीचे. नीलकंठ काही फार चपळ नव्हता. त्याची कीर्ती वेगळीच होती. तो पडायचा नाही. समोरच्यानं कितीही ठोकलं तरी हा उभा. डोकं पुढं करायचा, मार खायचा, समोरचा मारून मारून थकला की मग हा आपला एक ठेवून द्यायचा. राधाबाई तिथं बायांच्या घोळक्यात उभी राहून ओरडायची, "नीलकंठा, पडायचं नाही रे!" जिंकला की मारुतीपुढं नारळ फोडायची, न म्हणायची, "माझ्या पोराचं डोकं या नारळाहून पक्कं." घरी आणून हळद-तेल चोळायची, तुपाचा शिरा खाऊ घालायची, न तो आठ दिवसांत पुन्हा दोरीच्या आत.

तर आता अच्युत घरी आला. अच्युत म्हणजे नीलकंठचा चार्जमन, त्याच्यावरचा माणूस, न राहायला शेजारीच. बसला नाही. दारातच उभा राहिला.

"वहिनी, मी वर कळवलं आहे. सोमवारी साहेबांपुढं पेशी आहे, जाब द्यायला."

"तुम्ही कळवलं? भाऊजी, तुम्ही याच घरात दिवाळीचे अनारसे खाल्ले."

"खाल्ले न. म्हणून तर आधी दोनदा गप्प बसलो. काल याचा हात मशिनीत जाता जाता राहिला. लढाई चालू आहे वहिनी, पिलेला माणूस मशिनीवर सापडला तर नोकरी जाते, क्वार्टर जातं. पण हात गेला तर? तो मी काय तोंडानं जोडून देऊ?"

तो खोटं बोलून राहिला नव्हता, हे हेमलतेलाही दिसलं. म्हणून तिला जास्तच राग आला.

राधाबाईनं मग आपला उपाय काढला. पोराला घेऊन ग्वारीघाटावर गेली. हेमलताही मागं होती. नर्मदामाईत गुडघाभर पाण्यात उभं केलं न म्हणाली, "ओंजळीत पाणी घे. सांग, पितोस की नाही?" आता आपल्याकडं कोर्टात माणूस गंगेची शपथ खोटी खाईल, पण नर्मदेचं पाणी हातात घेऊन खोटं बोलणारा मी तरी पाहिला नाही. नीलकंठनं पाणी घेतलं. हात कापत होते, अर्धं सांडलं. म्हणाला, "आई, थेंब नाही घेतला. जन्मात नाही."

राधाबाईचा जीव भांड्यात पडला. न दुसऱ्याच दिवशी हा शिफ्टवरून येताना नालीत पाय जाऊन पडला, तोंडाला चिखल, बोलणं कळेना. चार लोकांनी धरून आणला. त्या दिवसापासून राधाबाईनं त्याच्याशी बोलणं सोडलं. पिणारा एक वेळ चालला असता तिला. माईचं पाणी हातात घेऊन खोटं बोलणारा नाही चालला. त्याचं ताट वाढायची न तोंड भिंतीकडं करायची.

सगळ्यांनी म्हटलं, शपथ खोटी. हेमलतेनं उलटं धरलं. शपथ तर खोटी होऊच शकत नाही. मग हे आहे काय? दारू नाही तर काय? काहून?

संध्याकाळी नीलकंठ खाटेवर बसला होता. ती त्याच्या पायाशी बसली. तो मग म्हणाला, "हेमा, एक गोष्ट विचारू? मी पीत असेन का?"

"म्हणजे?"

"मला हल्ली आठवत नाही ना. कालची भाजी आठवत नाही. तसंच पिलेलंही आठवत नसेल. पीत असेन न विसरत असेन. मग माईपुढं मी काय बोलून बसलो?"

तेव्हा मात्र ती घाबरली. नोकरी गेली असती तर माहेरी भावाच्या दारात उभी राहिली असती, भांडी घासली असती. पण हा माणूस स्वतःवरच संशय घेऊन राहिला होता. ते कोणत्या घरी नेऊन ठेवायचं?

तिनं विचारलं, "जवानीत कधी घेतली? त्या मुक्केबाजीच्या टायमाला?"

न काय नवल पहा, कालची भाजी विसरणाऱ्या माणसाला वीस वर्षांपूर्वीच्या एकेका मुक्क्याचा हिशोब तोंडपाठ. म्हणाला, "गोरे लोक जिंकणाऱ्याला रम पाजायचे. मी न शालिग्राम, आम्ही दोघंच घेत नव्हतो. शालिग्राम सिहोऱ्याचा. फौजेकडून खेळायचा. तोही पडत नसे. आमची फायनल झाली ना, लोक कंटाळून घरी चालले होते, कोणीच पडेना."

बस. तिला धागा सापडला. शालिग्राम सांगेल साहेबाला, की हा तेव्हाही पीत नव्हता. साक्षीदार पाहिजे होता, तो सिहोऱ्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बसमध्ये बसली. सिहोऱ्याला उतरली, गल्ला मंडीकडं, धान्याच्या बाजाराकडं, चालू लागली, न पाहते तर पुढं नीलकंठ चालला आहे. तोच झुकलेला खांदा, तोच घासत जाणारा पाय, डावा हात तसाच पोटाशी धरलेला. हा कसा आला माझ्या आधी? ती धावली न मागून म्हणाली, "अहो, तुम्ही काहून आलात?"

माणूस वळला. सावळा, नाक बसलेलं, भुवईवर जुना व्रण. नीलकंठ नव्हता.

"किसको ढूँढ रही हो बहनजी?" जीभ तीच, जड.

"शालिग्राम भैया को," ती म्हणाली, न म्हणतानाच तिला कळलं.

त्याच्या घरी त्याची बायको सत्यवती होती. तिनं गूळ-पाणी दिलं. हेमलता कशाला आली ते ऐकलं, न हसायलाच लागली. तसं हसणं चांगलं नसतं.

"दीदी, तुम गवाही लेने किसके पास आई हो? इनको तो खुद गाँव पियक्कड कहता है." तिनं नवऱ्याच्या गळ्याकडं बोट दाखवलं. "यहाँ तुलसी की कंठी थी. प्याज तक नहीं छूते ये. भजन मंडलीवालों ने कहा, पीनेवाले के गले में कंठी शोभा नहीं देती. उतरवा ली."

हेमलता पाणी प्यायची थांबली. एकानं नर्मदेचं पाणी हातात घेतलं, एकाच्या गळ्यात कंठी. दोघंही पीत नाहीत. दोघंही सारखेच चालतात. मग दोघांच्यात सारखं काय? जात वेगळी, गाव वेगळं, अन्न वेगळं.

"भैया," तिनं विचारलं, "आप भी कभी नहीं गिरे ना?"

शालिग्रामनं छाती काढली. "कभी नहीं. पूछ लो किसी से भी."

सोमवारी साहेबाच्या खोलीबाहेर नीलकंठ उभा, अच्युत उभा, न हेमलता आली ती शालिग्राम न सत्यवतीला घेऊन. अच्युत म्हणाला, "वहिनी, एकाची पेशी आहे, तुम्ही बारात आणली." पण शालिग्राम चालत पुढं आला ना, तेव्हा अच्युतची हसी थांबली. त्यानं नीलकंठकडं पाहिलं, शालिग्रामकडं पाहिलं. न तोच आत जाऊन साहेबाला म्हणाला, "साहेब, आधी डॉक्टरसाहेबांना दाखवू. मग जे करायचं ते करा."

डॉक्टरनं दोघांना दारापासून खिडकीपर्यंत चालवलं. बोट नाकाला लावायला सांगितलं. दोघांचंही बोट गालाला लागलं. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसला न विचारत गेला, किती वर्षं खेळलात, डोक्यावर किती बसले, शुद्ध गेली का कधी. त्यालाही आता काहूनची लागण झालेली दिसली. शेवटी म्हणाला, "मी हे पुस्तकात वाचलं होतं. मुक्केबाजांना होतं. एका मुक्क्यानं नाही, वर्षानुवर्षांच्या मारानं. न तेव्हा दिसत नाही, पंधरा-वीस वर्षांनी वर येतं."

"पण डोकं तर फुटलं नाही कधी," हेमलता म्हणाली.

"बाहेरून नाही फुटत. कवटी पक्की असते. आत मेंदू असतो, तो प्रत्येक मुक्क्याला हलतो, कवटीवर आपटतो."

हेमलतेच्या डोळ्यापुढं देवघरातला जुना नारळ आला. वरून अख्खा, टणक, न कानाशी धरून हलवला की आत खुळखुळ वाजतं. "म्हणजे गोटा सुटल्यासारखं," ती म्हणाली.

डॉक्टरनं मान डोलावली. "हो. तसंच समजा."

"बरं होईल?"

"नाही," तो म्हणाला. "वाढू नये म्हणून जपायचं. मशीन बंद. डोक्याला मार नको. राग येईल, विसरतील, तो त्यांचा स्वभाव नाही, दुखणं आहे."

नीलकंठनं एकच विचारलं. "डॉक्टरसाहेब, म्हणजे मी पिलो नव्हतो? पक्कं?"

"पक्कं."

त्यानं हेमलतेकडं पाहिलं, न रडला. शालिग्राम त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "रो मत यार. ये वाला तो मेरा ही मुक्का होगा." नीलकंठ डोळे पुसत म्हणाला, "न तुझ्या डोक्यात माझा." न तिथंच दोघांचं भांडण लागलं, फायनल कोण जिंकलं होतं. दोघंही म्हणत, मी. सत्यवती म्हणाली, हे आता साहेबाला नका विचारू.

हेमलता निघता निघता दारातून परत वळली. "डॉक्टरसाहेब, अजून एक. हा तेव्हा पडला असता तर?"

"पडणारा बाजूला होतो," डॉक्टर म्हणाला. "कमी मार खातो."

नोकरी राहिली. मशिनीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, पेचखिळे निवडायला. अच्युत रोज जाता-येता त्याला हात देऊन नालीच्या पलीकडं न्यायचा.

घरी येऊन हेमलतेनं सासूला सगळं सांगितलं. गोट्याचं सांगितलं. शेवटचं डॉक्टरचं बोलणं सांगावं की नाही, हा विचार तिनं आयुष्यात पहिल्यांदा केला असेल. मग सांगितलं. राधाबाई उठली, देवघरातला नारळ उचलला, कानाशी धरून हलवला, न परत ठेवला.

पौर्णिमेला सगळे ग्वारीघाटावर गेले. सिहोऱ्याचे दोघंही आले होते, शालिग्रामला माईपुढं नवी कंठी घालायची होती. घाटाच्या पायऱ्या उतरताना नीलकंठचा पाय घासला, तो झुकला. राधाबाई मागंच होती. तिचं तोंड उघडलं, दोरीजवळचं जुनं बोलणं ओठावर आलेलं हेमलतेला दिसलं. पण म्हातारीनं ते गिळलं. मटकन तिथंच पायरीवर बसली, पोराचा हात धरून त्यालाही खाली ओढलं.

"बस," ती म्हणाली. "थकला असशील. बस इथंच."

तो बसला. "आई, तू बोलून राहिली माझ्याशी?"

"हो रे," राधाबाई म्हणाली, न पदरानं त्याच्या कपाळाचा घाम पुसू लागली, हळूच, जसं काही डोकं नाही, दुधाचं भांडं आहे.