दादांच्या टाचा

दादांनी दिलेले त्यांचे जुने धावायचे बूट आज उलटे करून पाहिले. दोन्ही टाचा बाहेरच्या कडेला झिजलेल्या. आठवडाभर माझा गुडघाही बाहेरूनच ठणकतोय आणि सैन्यभरतीची धाव पंधरा दिवसांवर आलीय. आठवीनंतर शाळा सुटलेल्याला अशी संधी पुन्हा कुठली?

"भारीतले आहेत, सात जन्म पुरतील," दादा म्हणाले होते. या परक्या शहरात त्यांनीच मला कामाला ठेवलं. त्यांच्यावर संशय कसा घेऊ? तरी चहा देताना विचारलंच, "तुम्ही धावणं का सोडलंत?"

"गुडघा रे!"

म्हणजे धावतो मी, पण पाऊल पडतं त्यांचं?

बूट पुसून त्यांना दिसतील असे दाराशी ठेवले आणि मैदानात अनवाणी उतरलो. पहिली फेरी गुडघा गप्प होता. माझे कान मात्र त्याच्याकडेच होते.