बॅटरी पितंय कोण?

मी तीस वर्षं शाळेत वीज शिकवली आणि आमची गाडी सलग चार सकाळी धक्का मारून सुरू करावी लागली, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

गाडीत नवी म्युझिक सिस्टीम मी स्वतः बसवली. (कारागिराने तासाभरात बसवली असती, मला दोन रविवार लागले.) तेव्हापासून रोज सकाळी बॅटरी ठार! आणि शनिवारी देवरूखला सुमनच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, भाचीचा साखरपुडा. नवऱ्यामुलाची अंगठी इथल्या, रत्नागिरीच्या सराफाकडे घडवलेली, म्हणून आमच्या कपाटात. आम्ही पोचलो नाही तर अंगठीवाचून साखरपुडा!

"मेकॅनिकला बोलवा," सुमन म्हणाली.

"मेकॅनिक काय करणार? बॅटरी बदलणार. मला कारण हवंय!"

शुक्रवारी मी मीटर लावून बसलो. एकेक फ्यूज काढायचा, मीटर पाहायचा. दार उघडलं की मीटरचा काटा उडी मारी. मी वहीत लिही, दार लावी, पुन्हा उघडी, पुन्हा उडी! तासाभराने शोध लागला, की दार उघडल्यावर आतला दिवा लागतो.

शेजारचे बापूकाका दगडी गडग्यापलीकडून बघत होते. "मास्तर, त्या टेपानेच खाल्लीन बॅटरी!"

"टेप बंद असतो, काका."

"तुला कसं कळलं? तू काय आत जाऊन बसतोस?"

अडाणी शंका म्हणून मी ती सोडून दिली, दिव्याचा बल्ब काढून खिशात टाकला आणि प्रश्न सुटल्याचं घरात जाहीर केलं.

शनिवारी सकाळी गाडी हूं की चूं करीना. सुमन पैठणी नेसून, अंगठीची डबी पर्समध्ये घालून पुढच्या सीटवर बसलेली.

"अहो, ही सीट खालून गरम का लागतेय?"

"वयोमानाने होतं तसं."

"कुणाच्या? सीटच्या?"

मी खाली हात घातला आणि तसाच बाहेर काढला. आवाज वाढवायला मी सीटखाली बसवलेला ॲम्प्लिफायर तव्यासारखा तापलेला! किल्ली माझ्या खिशात, टेप बंद, आणि हा आपला जागा! तेव्हा आठवलं. टेपने याला चालू-बंद करावं म्हणून एक तार असते. ती हातभर कमी पडली. दुसरी आणायला बाजारात कोण जातंय, म्हणून मी ती थेट बॅटरीच्या तारेलाच जोडून दिली होती. कुतूहल शमलं, पण तोंड दाखवायला जागा उरली नाही.

तार उपटली. बापूकाकांनी चार माणसं जमवून उतारावर धक्का मारला, गाडी सुरू झाली.

देवरूखला हॉलसमोर मी म्हटलं, "आता बॅटरी चार्ज झाली असणार. बंद करतो."

"असणार? आठवडाभर 'असणार'च ऐकतेय! खबरदार बंद केलीत तर!" असं म्हणून सुमन अंगठी घेऊन आत धावली.

मी चालू गाडीत बसून राहिलो. आतून टाळ्या ऐकू आल्या. अंगठी वेळेत बोटात गेली होती, मला खरंच हायसं वाटलं. थोड्या वेळाने नवऱ्यामुलाचे वडील फोनवर बोलायला बाहेर आले. मला ते ओळखत नव्हते.

"ड्रायव्हरदादा, जेवून घ्या हो. आणि मुलीच्या आत्याबाईंचे मिस्टर कुठे दिसले नाहीत, ते आले नाहीत का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना आम्ही गाडीला हात लावू देत नाही."