पंचावन्न दात्यांचं चाक

खडकीच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून मी भोसरीत नाशिक रस्त्याला पत्र्याची शेड टाकली आणि तीत एक जुना इंग्रजी लेथ आणून ठेवला, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. भोसरी तेव्हा गावच होतं. त्या दिवसांतले पत्र्याच्या भोकांतून पडणारे कवडसे मला अजून आठवतात. दुपारभर ते लेथवरून सरकत जायचे आणि मी स्टुलावर बसून बघत राहायचो, कारण हाताला काम नव्हतं.

लेथ लोखंड बरं कातत होता. पण बोल्टाला आटे पाडायचे, तर यंत्राच्या डाव्या अंगाची दातेरी चाकं हिशेबानं बदलावी लागतात. आमच्या भागातले उसाचे चरक, विहिरीवरची इंजिनं, सगळ्यांना पाच सुती, म्हणजे पाच अष्टमांश इंची बोल्ट, आणि त्यांना इंचाला अकरा आटे. ते अकराचं गणित पंचावन्न दात्यांच्या एका चाकाशिवाय सुटत नाही. लेथबरोबर आलेल्या खोक्यात नेमकं तेच नव्हतं. शेतकरी तुटके बोल्ट घेऊन यायचे आणि तसेच परत जायचे. खडकीचा फोरमन म्हणाला होता, दिवाळीपर्यंत तुझी जागा भरत नाही, वाटलं तर ये. त्याच्या या भलेपणाचा मला फार संताप यायचा.

ते चाक शोधत मी चार महिने सायकल हाणली. पुण्याचा जुना बाजार पालथा घातला, देहूरोडला लष्करी भंगाराच्या ढिगात दिवस काढले. शेकड्यांनी चाकं हातात घेतली, दाते मोजले, खाली ठेवली. पुढं पुढं मला त्याची गुंगीच चढली. मोशीजवळ इंद्रायणीच्या काठी सायकल आडवी टाकून पडलो, की मिटल्या डोळ्यांपुढं एक चाक सावकाश फिरायचं आणि मी मोजायला लागायचो. पन्नासाच्या पुढं कधी गेलो नाही, डोळा लागायचा. खरं सांगायचं तर ते दिवस सुखाचे होते. भीती वाटायची, ती जाग आल्यावर.

लेथ मी चाकणहून घेतला होता. त्याचा मालक आदल्या दसऱ्याच्या आसपास अचानक गेला, म्हणून त्याच्या धाकट्या भावानं तो विकला. त्याच्याकडंही मी दोनदा जाऊन आलो. होतं ते सगळं खोक्यात दिलं, म्हणाला. दोन्ही वेळा मालकाच्या विधवेनं मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

घट बसले. एका सकाळी बायको म्हणाली, खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, पण तुमची शेड पडली लांब, येताना त्या मशीनचं काहीतरी सुटं घरी आणा, देवापुढं मांडते. बरं म्हणालो, पायात चप्पल सरकवली आणि तसाच थांबलो. मालक दसऱ्याच्या सुमारास गेला होता. भोसरीच्या शेडकडं न वळता मी सरळ चाकणचा रस्ता धरला.

या वेळी मी धाकट्या भावाला विचारलंच नाही. मालकाच्या बायकोला, वहिनींना विचारलं. त्यांनी मला देवघराच्या दाराशी नेलं. हळदीकुंकवानं माखलेलं चाक ताम्हणात उभं होतं आणि पुढं समई तेवत होती.

"व्हय, माझ्याकडंच हाय," त्या म्हणाल्या. "तुमी कवा इचारलं मला?"

चार महिने भंगाराशी बोललो, या बाईशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनीच मग सांगितलं, की नवऱ्यानं खंडेनवमीला स्वतःच्या हातानं ही पूजा मांडली, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा करून ती उठवायच्या आतच तो गेला. त्याची मांडलेली पूजा उठवायची कुणी? म्हणून वर्षभर चाक जागचं हललं नव्हतं.

ते मागण्याचं धाडस मला झालं नाही. फक्त त्याचा ठसा घेऊ का, म्हणालो. एवढ्याला त्या हो म्हणाल्या. तिथंच ठेवून मी त्यावर कागद दाबला, पेन्सिल घासली आणि मोजायला लागलो. "पंच्चावन हायती," त्या मागून म्हणाल्या. "रोज पुसते मी."

ठशावरून भोसरीच्या सुतारानं सागवानी चाक कोरून दिलं. त्यावरून पुण्याच्या ओतशाळेत लोखंडी ओतून घ्यायचं होतं. ओतीव दाते खडबडीत निघणार, आटे धड पडतील याची खात्री नव्हती, पण दुसरा इलाज नव्हता. दसऱ्याला यंत्राला विश्रांती, म्हणून त्याच दिवशी लाकडी चाक अस्सलाशी ताडून बघायला मी चाकणला गेलो.

वहिनींनी ते हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलं.

"म्हंजी तुमच्याकडं बी ते मशीन उभंच हाय?"

"आट्यांपुरतं उभंच आहे, वहिनी."

त्या देवघरात गेल्या. चाकावर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि ते जागचं हलवलं. ताम्हणात त्यांनी लाकडी चाक उभं केलं आणि लोखंडी माझ्यापुढं धरलं.

"मशीन चालावं म्हणून पुजलं हुतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "बंद ऱ्हावं म्हणून न्हाई."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी पहिला बोल्ट केला. चाकाच्या दात्यांतली हळद मी पुसली नव्हती. ती तेलात मिसळून लेथच्या पायाशी पिवळी ठिबकत राहिली, आणि मी तिथं उभा राहून लहान पोरासारखा रडलो. दिवाळी आली तेव्हा खडकीच्या जागेची मला आठवणसुद्धा झाली नाही.

पुढं दरवर्षी खंडेनवमीला मी ते चाक सायकलला बांधून चाकणला न्यायचो. रात्रभर ते लाकडी चाकाशेजारी राहायचं. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन गेलो, की वहिनी स्वतः उत्तरपूजा करून ते उचलायच्या.

"घ्या, भाऊ," म्हणायच्या. "मोजून घ्या."

मी त्यांच्यासमोर बसून सगळे दाते मोजायचो.